दादरची भाकर आणि सादर टिपणी

सकाळी साडेदहा वाजता आप्पा कार्यालयाच्या मागच्या व्हरांड्यात पाण्याच्या माठाशेजारी उभे राहून महाराष्ट्रातल्या विचारवंतांना झापत असत. माठाशेजारीच का, तर धडगावच्या त्या आख्ख्या इमारतीत मोबाइलला रेंज फक्त तिथेच यायची, आणि तीही हात खांद्याच्या वर धरला तरच. त्यामुळे नव्याने रुजू झालेल्या माणसाला वाटायचं, हे गृहस्थ माठाला साक्षी ठेवून शपथ घेतायत. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. मी आदबीने शपथ संपायची वाट पाहिली. ती संपेना, तेव्हा तहान मारून परत टेबलावर जाऊन बसलो.

कार्यालय कुठलं ते लिहीत नाही. मी अजून नोकरीत आहे आणि घरी खाणारी तोंडं आहेत. सरकारी होतं, एवढं पुरे. आप्पा तिथे हेडक्लार्क आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. ते तापीकाठच्या एका गावचे. घरी काळी जमीन, भाऊ शेती पाहणारे. आप्पांनी मात्र सबंध नोकरी घाट चढून सातपुड्यात काढली. बदलीची संधी आली की ते म्हणत, "खाले उतरीसन काय करू? तठे बठ्ठा शहाना शेतस." म्हणजे खाली मैदानात सगळेच शहाणे आहेत. त्यांच्या मते शहाण्यांचा बंदोबस्त लांबूनच केलेला बरा, आणि त्यासाठी माठाची जागा त्यांना पुरेशी होती.

आप्पा वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचत नसत. वाचत फक्त संपादकीय पानावरचे लेख, तेही मोबाइलवर, कारण कागदी पेपर एसटीने घाट चढून येईपर्यंत दुपार व्हायची आणि तोवर शहाणे लोक मोकाट सुटलेले असायचे. "बातमी कोनीबी लिखी टाकस भो," ते मला म्हणत, "मत मांडाले अक्कल लागस. ती शे का नई, तेवढं आपन देखानं." आणि ते देखत. लेख वाचून झाला की खाली वाचकांसाठी जी जागा असते तिथे ते आपली टिपणी ठेवत. त्या जागेला पेपरवाले 'प्रतिक्रिया' म्हणतात. आप्पांना तो शब्द मुळीच चालत नसे. "प्रतिक्रिया गोळी खाई का येस. माणूसनी टिपणी ऱ्हास."

टिपणी म्हणजे काय, हे ज्यांनी सरकारी कार्यालयाचं पाणी प्यायलेलं नाही त्यांना सांगायला हवं. कुठलंही काम वर साहेबांकडे पाठवायचं तर खालच्या कारकुनाने कागदावर विषय लिहायचा, संदर्भ लिहायचा, मुद्दे आकडे घालून मांडायचे आणि शेवटी 'मान्यतेस्तव सादर' म्हणून सही ठोकायची. मग तो कागद टेबलाटेबलाने वर चढतो. आप्पांना जन्मात दुसरा लेखनप्रकार ठाऊक नव्हता. त्यांनी मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा 'विषय' घालून लिहिली होती, असं म्हणतात. मी पाहिलेली नाही, पण माझा विश्वास आहे.

तर खेड्यातल्या साध्या, निर्मळ जीवनावर कुणीतरी हळवा लेख लिहिला की खाली येई:

"विषय : ग्रामीण जीवनातील निर्मळपणा. संदर्भ : लेखक महोदयांची खिडकी. १) लेखक महोदय खेड्यात एक दिवस मुक्कामी होते असे दिसून येते. २) तो दिवस हिवाळ्यातील होता असेही दिसून येते. ३) मे महिन्यात पुनश्च पाहणी करून सुधारित लेख सादर करावा. मान्यतेस्तव सादर."

एका निवृत्त अधिकाऱ्याने कारभारातल्या सचोटीवर लिहिलं, तेव्हा आप्पांनी एकच मुद्दा मांडला. हे विचार लेखक महोदयांना निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी का सुचले, याचा खुलासा तीन दिवसांत मागवावा. कमी शब्दांत लिहिण्याचं महत्त्व सांगणारा एक लेख अर्धं पान खाऊन बसला होता. त्याखाली फक्त 'लांबीमुळे दप्तरी दाखल' एवढंच होतं. आणि दर होळीला काठी गावची राजवाडी होळी पाहून जाणारे लेखक तर त्यांच्या खास मर्जीतले. "लेखात 'आदिम' हा शब्द सहा वेळा आला आहे. दुसऱ्या दिवशी परतीच्या जीपला किती आदिम माणसे लटकली होती, याबाबत लेख मौन बाळगतो. सादर."

"आप्पा, हे मान्यतेस्तव सादर कोणाला करता?" मी पुढे एकदा विचारलं.

"वर कोनी ना कोनी ऱ्हासच," ते म्हणाले.

वर कोणीही नव्हतं. खाली मात्र पुष्कळ होते. 'काका, आज गोळी घेतली नाही का', 'सरकारी जावई', 'तुमच्यासारख्यांमुळेच देश मागे आहे', अशा उत्तरांची रांग लागायची. आप्पा ती सगळी शांतपणे वाचत. त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मोजत. 'मान्य' असं मात्र त्यांच्या टिपणीखाली कधीच कुणी लिहिलं नाही. त्याची त्यांना खंत होती का, हे मी तेव्हा विचारलं नाही. मला तेव्हा ते सगळं गमतीचं वाटायचं.

या टिपण्यांखाली ते सही करत 'एक अभ्यासू वाचक, पुणे'. सरकारी नोकराला स्वतःच्या नावाने असलं काही लिहिता येत नाही, हे एक कारण. पण पुणेच का? तर, "धडगावना माणूसनं कोन आयकस? पुनं लिखं का लोके सरळ बशीसन वाचतस." पुण्याला ते आयुष्यात दोनदा गेले होते, दोन्ही वेळा खात्याच्या प्रशिक्षणाला, आणि दोन्ही वेळा जेवणात गूळ होता म्हणून अर्धपोटी परतले होते.

या पुणेकराचं पितळ उघडं पडलं ते भाकरीवरून. म्हणजे माझ्यापुरतं. तोवर मला आप्पा माठाशी उभे राहून लेख वाचतात एवढंच माहीत होतं, टिपण्या त्यांच्या आहेत हे माहीत नव्हतं. मीही त्या अभ्यासू पुणेकराचा मनातून चाहता होतो. तर शहरी लोकांनी भरड धान्याकडे वळावं, असा कुणा आहारतज्ज्ञ बाईंचा लेख आला. त्याखाली पुणेकराने लिहिलं होतं: "लेखिका महोदयांनी प्रथम सलग आठ दिवस दादरची भाकर खावी. तदनंतर लेख सादर करावा."

आता आमच्याकडे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे, की दादर म्हणजे काळ्या जमिनीत थंडीवर येणारी ज्वारी. तिची भाकर ठेच्यासोबत खाल्ली की माणूस दुपारी कोणाचं ऐकत नाही. पण खान्देश ओलांडला की दादर म्हणजे मुंबईचं स्टेशन. झालं. संध्याकाळपर्यंत त्या टिपणीखाली जत्रा भरली. एकाने विचारलं, दादरला नक्की कुठे मिळते, पूर्वेला की पश्चिमेला? दुसऱ्याने पूल उतरल्यावर डाव्या हाताला एक खानावळ असल्याचं सांगितलं. तिसरा म्हणाला, तिथे आता ती चव राहिली नाही, मालक बदलला. चौथ्याने पुणेकरांनी मुंबईच्या भाकरीबद्दल बोलू नये अशी तंबी दिली. मग पुणे विरुद्ध मुंबई असं जे जुंपलं, त्यात त्या आहारतज्ज्ञ बाई आणि त्यांचं भरड धान्य कधी तुडवलं गेलं ते कुणाला कळलंही नाही.

पुण्याच्या माणसाला दादरची भाकर कशी ठाऊक, असा विचार करत मी माठाकडे गेलो. आप्पा फोनकडे पाहत उभे होते आणि त्यांचा हात पहिल्यांदाच खाली आला होता.

"बठ्ठी मुंबईले दादर माहीत नई भो," ते म्हणाले. "हाई कसं राज्य शे?"

"खुलासा करी टाका ना आप्पा."

"खुलासा करा म्हणजे पुन्याना माणूस खान्देशी निंघस," ते म्हणाले, आणि मग आपण कुणाशी बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघं एकेक पेला पाणी प्यायलो. त्या दिवसापासून धडगावात हे गुपित माहीत असलेला मी एकटा माणूस होतो.

गुपित माहीत झाल्याने मला काही सवलत मिळाली असं मात्र नाही. आप्पांच्या शर्टाच्या खिशात एक लाल पेन असे. हिरवी शाई साहेबांची, निळी आमची, लाल वापरायचा अधिकार आप्पांना कुठल्या नियमाने होता कोण जाणे, पण विचारायची कुणाची छाती नव्हती. माझी प्रत्येक टिपणी त्यांच्याकडून जाताना रक्तबंबाळ होऊन जाई. ते ऱ्हस्वदीर्घ सुधारत, जादा शब्द कापत, आणि काम झालं असं मी कुठेही लिहिलं की समासात एकच प्रश्न विचारत: नळ उघडून पाहिला का?

हा प्रश्न कधीतरी खरोखरच्या नळावरून सुरू झाला असावा. पुढे त्याला नळाची गरज उरली नाही. रस्ता झाला म्हटलं तरी तेच, अंगणवाडी भरते म्हटलं तरी तेच. शिपायाने मुलीला चांगलं स्थळ आलं म्हणून पेढे आणले, तर पेढा तोंडात टाकून आप्पा म्हणाले, "नळ उघाडी देखा का?" शिपायाने खरंच चौकशी केली आणि मुलगा आधीच लग्न झालेला निघाला. तेव्हापासून शिपाई त्यांच्या पाया पडायचा. माझ्या लिहिण्याबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "तुन्ही मराठी भलती चांगली शे भो. तेन्हीच माले भीती वाटस."

मला वाटायचं, म्हातारा जळतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, म्हणजे माझ्याकडे. आमचे साहेब कोल्हापूरकडचे, वयाने तरणे, आणि त्यांना लेखक व्हायचं होतं. लिहायचं नव्हतं, लेखक व्हायचं होतं. एके दिवशी त्यांनी मला आत बोलावून सांगितलं, की सातपुड्यातल्या बदलत्या जीवनावर त्यांच्या मनात बरंच काही आहे, ते मी कागदावर उतरवावं. त्यांच्या मनात काय आहे ते विचारायची सोय नव्हती. मी माझ्याच मनातलं उतरवलं. 'सातपुड्याच्या कुशीत विकासाची पहाट' असं नावही दिलं. लेख साहेबांच्या नावाने, फोटोसह, संपादकीय पानावर छापून आला. मी तो बायकोला फोनवर वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, ते दोनदा वाचलं:

'ज्या पाड्यावरची माउली कालपर्यंत हंडा डोईवर घेऊन डोंगर उतरत झिऱ्यावर जायची, ती आज आपल्या अंगणातल्या नळाखाली हंडा लावते.'

नदीच्या वाळूत खड्डा करून पाणी झिरपायची वाट पाहायची, तो झिरा. हे मला माहीत होतं, कारण मी इथलाच. नळाचं मला फायलीतून माहीत होतं. फायलीत 'काम पूर्ण' असा शेरा होता. त्या पाड्यावर मी गेलो नव्हतो.

मी माठाकडे डोळे लावून बसलो. आप्पांनी लेख वाचला, हात वर धरून शेवटपर्यंत वाचला, आणि काहीही न लिहिता फोन खिशात टाकला. मला जरा हायसं वाटलं आणि जरा रागही आला. आख्ख्या महाराष्ट्राला टिपणी आणि मला नाही?

पंधरा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, त्याच पाड्याचा कारभारी आला. साठीतला पावरा जमातीचा माणूस, हातात घडी घातलेला अर्ज. पाड्यावरचा जुना हातपंप बंद पडला होता, तो दुरुस्त करून मिळावा. "हापशी बंद, साहेब," तो माझ्या टेबलाशी म्हणाला. "नळ आहे. पाणी नाय. बाया झिऱ्यावर जातात." मी अर्ज घेऊन आत गेलो. साहेबांनी तो वाचला आणि हसून म्हणाले, "अरे, तिथं तर नळ आहे. आपणच लिहिलंय की. कात्रण लाव आणि गरज नाही म्हणून टिपणी ठेव." मी बाहेर आलो. स्वतः लिहिलेल्या लेखाचं कात्रण काढलं, त्या बाईचा हंडा आणि ते अंगण ज्यात होतं तोच परिच्छेद नीट वर येईल असं घडी घालून अर्जामागे लावलं, आणि लिहिलं: 'सदर पाड्यावर नळ योजना कार्यान्वित असल्याने हातपंप दुरुस्तीची आवश्यकता दिसून येत नाही. वृत्तपत्रीय कात्रण सोबत.'

अक्षर चांगलं आलं होतं.

फाइल आप्पांकडे गेली. त्यांनी ती उघडली, मिटली, आणि पहिल्यांदाच साडेदहाची वेळ सोडून, टळटळीत तीन वाजता माठाकडे गेले. अर्ध्या तासाने माझ्याच लेखाखाली हे होतं:

"विषय : अंगणातील नळ. संदर्भ : लेखातील चौथा परिच्छेद. १) सदर वाक्य उत्तम आहे. लय चांगली, शब्द नेमके. २) वाक्यात माउली आहे, हंडा आहे, अंगण आहे, नळ आहे. पाणी हा शब्द नाही. ३) हे नजरचुकीने झाले की लेखक महोदय मनातून प्रामाणिक आहेत, याचा बोध होत नाही. ४) नळ उघडून पाहिला का? सादर."

मी माझं वाक्य पुन्हा वाचलं. खरंच पाणी नव्हतं. मी लिहिताना तो शब्द टाळला होता की तो आपोआप आला नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांचे वरचे साहेब फोनवर काहीतरी बोलले आणि आमचे साहेब लालबुंद झाले. मला आत बोलावलं.

"कोण आहे हा शहाणा?"

"साहेब, खाली पुणे लिहिलंय."

"पुणं लिहिलं म्हणजे पुण्याचा असतो होय? पुण्याची माणसं जेवायला बोलावताना 'विषय' आणि 'संदर्भ' घालतात काय? ही भाषा आपल्या लोकांची आहे." त्यांनी टेबलावरच्या संगणकावर त्या अभ्यासू वाचकाच्या जुन्या टिपण्या खणायला सुरुवात केली. खणता खणता थांबले. "हे बघ. दादरची भाकर. मुंबईचा आहे हा! दादरला राहतो आणि पुणं लिहितो. मंत्रालयातलाच कोणीतरी असणार."

मी खान्देशातला माणूस, मान खाली घालून उभा राहिलो. ज्वारीने आप्पांना वाचवलं होतं.

"तरी पण कागद हवा," साहेब म्हणाले. "आपल्या कार्यालयाशी या इसमाचा संबंध नाही, अशी स्वच्छ टिपणी ठेव. वर पाठवतो. आणि आपल्यातलाच कोणी निघाला ना, तर मी सोडणार नाही. चौकशी लावीन. निवृत्तीला चार दिवस राहिलेला असला तरी घरी सुखाने बसू देणार नाही."

आप्पांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. चौकशी लागली असती तर ती त्यांच्या मागे तापीकाठच्या ओट्यापर्यंत गेली असती. वर्षानुवर्षं तारखा, आणि सबंध नोकरी डाग न लागू दिलेल्या माणसाच्या नावापुढे 'चौकशी प्रलंबित'. मी टेबलावर बसलो आणि माझ्या भलत्या चांगल्या मराठीत टिपणी लिहिली. सदर टिपणी करणारी व्यक्ती पुणे येथील रहिवासी असून तिचा या कार्यालयाशी कोणताही संबंध नसल्याचे दिसून येते. लिहिताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता. वाटलं, त्या कात्रणाचं पाप यात धुऊन निघेल.

पण टिपणीचा रस्ता ठरलेला असतो. माझ्या टेबलावरून आप्पांच्या, आणि आप्पांच्या सहीने आत. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि डोळ्यांनी खूण केली. आप्पांनी चष्मा लावला आणि खिशातून लाल पेन काढलं. 'रहिवासी' तपासलं, बरोबर होतं. 'कोणताही' खाली रेघ मारून 'जादा' लिहिलं. मग 'पुणे येथील' यावर सरळ काट मारली, वर लिहिलं, 'धडगाव, याच कार्यालयातील, खाली सही करणार', आणि 'नसल्याचे' मधल्या 'न'चा 'अ' केला.

मी टेबलाला वळसा घालून त्यांच्या कानाशी गेलो. "आप्पा, चार महिना ऱ्हायनात तुमना. कसाले?"

"तेच ना भो," ते मान वर न करता म्हणाले. "आख्खी नोकरी दुसरासना खोटा वाक्यसवर लाल पेन फिरावा. आते शेवटलं एक खोटं वाक्य मन्हाकरता ठेवू का?"

"मी लिखेल शे ना ते. तुमनावर काय येस?"

"म्हणीसनच," ते म्हणाले. मग समासात त्यांनी आणखी एक मुद्दा घातला. 'नळ उघडून पाहिला असता काय आढळले, याचा उल्लेख टिपणीत नाही. तो यावा.' सही केली, आणि शिपायाला न देता फाइल स्वतः घेऊन उठले.

दाराला पडदा होता, दार नव्हतं. बाहेर आम्ही सगळे कामात असल्यासारखे बसलो होतो.

"आप्पा, हे तुम्ही?" साहेबांचा आवाज.

"जी."

"इतकी वर्षं नोकरी केलीत. काय दुर्बुद्धी सुचली?"

साहेबांशी बोलताना आप्पा कार्यालयाची मराठी बोलत. "साहेब, लेख पेपरात होता तोवर साहित्य होतं. तेव्हा मी काही बोललो नाही. कात्रण फायलीला लागलं, त्याचा पुरावा झाला. मग टिपणी ठेवावी लागते."

साहेब मूर्ख नव्हते. हा कागद वर गेला तर आप्पांवर चौकशी लागणार हे खरं, पण चौकशीला येणारा माणूस आधी त्या पाड्यावर जाऊन नळ उघडणार, हेही तितकंच खरं होतं. फाइल बाहेर आली तेव्हा तिच्यावर हिरव्या शाईत दोनच शब्द होते: 'चर्चा करा'. सरकारी कामकाजात या दोन शब्दांखाली जेवढ्या फायली गाडल्या गेल्यात तेवढ्या पुरातसुद्धा वाहून गेल्या नसतील. चर्चा झाली नाही. आप्पा चार महिन्यांनी शाल आणि नारळ घेऊन वेळच्या वेळी निवृत्त झाले. साहेबांनी भाषण केलं. ते मीच लिहून दिलं होतं. भाषण चालू असताना आप्पा माझ्याकडे झुकून म्हणाले, "'मनमिळाऊ' कोनी लिखं?"

"मी."

"नळ उघाडी देखा व्हता का?"

पण हे नंतरचं झालं. 'चर्चा करा'ची फाइल माझ्या टेबलावर परत आली त्या दिवशी तिच्या समासातला लाल मुद्दा माझ्याकडे पाहत होता. तो यावा. चर्चा साहेबांनी करायची होती, नळ मी उघडायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर जीपला मागे लटकून निघालो, जीप जिथे थांबते तिथून पुढे चढ चढलो आणि पाड्यावर पोचलो. अंगण होतं. नळ होता. सिमेंटच्या ओट्यावर पितळी तोटीचा, अगदी माझ्या वाक्यातल्यासारखा. त्याला एक बकरी बांधली होती.

तोटी फिरवली तर आतून मुंग्या निघाल्या. घरातली बाई ओल्या साडीने नुकतीच झिऱ्यावरून आली होती, तिने डोक्यावरचा हंडा उतरवला आणि मला आधी त्यातलं पाणी प्यायला दिलं. ती माउली वगैरे काही नव्हती, माझ्याहून लहान होती. मला लाज वाटली. एवढी लाज मला त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

परत येऊन मी कारभाऱ्याच्या अर्जामागचं कात्रण काढून टाकलं आणि नवी टिपणी लिहिली. नळ उघडून पाहिला, पाणी नाही, हातपंप दुरुस्ती आवश्यक. आप्पांनी ती वाचली. लाल पेन काढलं, आणि तसंच परत खिशात ठेवलं. साहेबांनी सही केली. हातपंप उन्हाळा संपायच्या आत दुरुस्त झाला. तो चालतो, हापसून पाहिला आहे.

एक काम मात्र राहिलं होतं. तो लेख अजून तिथेच होता, साहेबांच्या फोटोसह, आणि त्याखाली आप्पांचा प्रश्न उत्तराविना पडून होता. आप्पा निवृत्त होऊन तापीकाठी गेले. पुढच्या सोमवारी साडेदहाला मी माठाशेजारी जाऊन उभा राहिलो आणि हात वर धरला. सहीच्या जागी पुणे लिहावं असं क्षणभर मनात आलं. मग लिहिलं, 'एक कारकून, धडगाव'.

"संदर्भ : वरील टिपणी, मुद्दा क्र. ४. नळ उघडून पाहिला. पाणी नाही. नळाला बकरी बांधलेली आहे. सदर वाक्य मी लिहिले होते. मान्यतेस्तव सादर."

चार दिवस काही आलं नाही. पाचव्या दिवशी खाली अभ्यासू वाचकाचं उत्तर होतं.

"'बांधलेली आहे' ऐवजी 'बांधली आहे' पुरे. बाकी मान्य."